तळेकरांची हजेरी

आमच्या बिल्डिंगमधले तळेकर क्रिकेटची मॅच बघत नाहीत. आवड नाही असं नव्हे. त्यांनी बघितली की भारत हरतो, म्हणून. हे माझं म्हणणं नाही, 'चौथा पंच'चं आहे.

'चौथा पंच' हा आमचा व्हॉट्सॲपवरचा क्रिकेटचा ग्रुप. सुरुवातीला कोथरूडच्या आमच्या सोसायटीपुरता होता. मग कोणी मेहुण्याला आत घेतलं, कोणी ऑफिसातल्या मित्राला. आता त्यात मंडईतले फळवाले आहेत, लोणी काळभोरचे बागायतदार आहेत आणि टेक्सासात बसून कर्वे रोडच्या खड्ड्यांवर मत देणारेही आहेत. सामना चालू असताना तिथे जे चालतं त्याला चर्चा म्हणणं धाडसाचं आहे. एक जण लिहितो, 'ह्याला काढा टीममधून.' दुसरा लिहितो, 'तुम्हाला काढू का ग्रुपमधून?' तोवर ज्याला काढायचं तो षटकार मारतो, आणि दोघंही आपणच कसे बरोबर होतो यावर तासभर भांडतात. मी बाई असून त्या ग्रुपमध्ये आहे याचं काही जणांना कौतुक वाटतं. मला कौतुक वाटतं ते त्यांच्या गणिताचं. मी जन्मभर गणिताच्या शिकवण्या घेतल्या, पण चार सामन्यांवरून सिद्धांत मांडणारी माणसं मला तिथेच भेटली.

उत्तरेश्वर तळेकर हा त्यांचा सर्वांत आवडता सिद्धांत.

तळेकर मूळचे केमचे, करमाळ्याकडचे. गावात उत्तरेश्वराचं देऊळ असल्यामुळे तिथे 'उत्तरेश्वर' अशी हाक मारली की चार घरांतून ओ येते, असं ते सांगतात. विशीत पुण्याला आले आणि एका चष्म्याच्या दुकानात लागले. गिऱ्हाईक पुढे काउंटरवर फ्रेम निवडतं, आणि तळेकर मागच्या खोलीत काच घासून ती फ्रेममध्ये बसवतात. आजही तेच करतात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. बायको मालन घरातच पाळणाघर चालवते, त्यामुळे त्यांच्या दारातून जाताना कायम कोणीतरी रडत असतं आणि कोणीतरी पेज खात असतं. मुलगी एकच, तेजस्विनी. तळेकरांचा स्वभाव असा की कोणी काही सांगितलं तर आधी खरं मानायचं आणि मग, जमलं तर, तपासायचं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही हे त्यांचं गेलेलं नाही. माझ्या मते हा पुण्याचा दोष आहे.

सिद्धांत जन्माला आला तो सोसायटीच्या हॉलमध्ये. पडदा लावून सगळे मॅच बघत होते. तळेकर दुकानातून आले, दारात उभे राहिले, विकेट गेली. पाणी प्यायला बाहेर गेले तर चौकार. परत आले, विकेट. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर इंद्रजीत उठला. इंद्रजीत म्हणजे ग्रुपचा ॲडमिन. मंडईत त्याचा फळांचा गाळा आहे आणि आवाज गाळ्याच्या मापाचा आहे. त्यानं तळेकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तळेकर, देशासाठी एक काम करा. घरी जा."

हॉल हसला. दुसरा कोणी असता तर चिडला असता, नाहीतर हसत हसत तिथेच पाय पसरून बसला असता. तळेकर खरंच घरी गेले. आणि घात असा झाला की भारत जिंकला.

पुढच्या सामन्याला ग्रुपवर ठराव झाला की तळेकरांनी मॅच बघायची नाही. पण बघत नाहीत हे कळणार कसं? पुरावा मागितल्याशिवाय राहतील ते पुणेकर कसले. तेव्हा असं ठरलं की सामना चालू असताना तळेकरांनी टीव्हीवर दुसरं काय लागलंय ते दर षटकाला लिहायचं. तळेकरांच्या घरचा टीव्ही मालनच्या पोरांच्या मालकीचा, आणि त्यावर एकच गोष्ट लागायची. 'गेंडोबा'.

ज्यांच्या घरात मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. गेंडोबा हा जंगलातला पोस्टमन, जातीनं गेंडा. खांद्यावर पिशवी घेऊन तो पत्रं वाटत फिरतो, आणि एक कोल्हा त्याची पिशवी पळवायला टपलेला असतो. शेवटी पत्रं पोहोचतात आणि कोल्हा चिखलात पडतो. वीस वर्षं हे चालू आहे. जी पोरं पहिल्या भागाला टाळ्या वाजवत होती ती आता गृहकर्जाचे हप्ते भरतात, आणि कोल्हा अजून पडतोच आहे.

तर तळेकर लिहायला लागले. 'गेंडोबा निघाला. कोल्हा पुलाखाली. मी बघत नाही.' पुढच्या षटकाला, 'गेंडोबा माकडाच्या घरी चहाला बसला. कोल्हा दोरी बांधतोय. मी बघत नाही.' शेवटचे तीन शब्द बंधनकारक होते. याला ग्रुपवर 'हजेरी' म्हणायचे. दोन षटकं हजेरी आली नाही तर इंद्रजीत मोठ्या अक्षरांत विचारायचा, 'तळेकर कुठे आहेत?' मग घाईघाईनं उत्तर यायचं, 'इथेच आहे. लाइट गेली होती. मी बघत नाही.'

एकदा पावसानं सामना थांबला. ग्रुपवर कोणाला काही उद्योग नव्हता. लोणीचे बजरंग काळभोर, उसाचे मोठे बागायतदार, त्यांनी हजेरी वाचून विचारलं, 'तळेकर, ह्यो कोल्हा दर बारीला पडतोच कसा? येवढा येडा हाय का?'

तळेकरांनी लिहिलं, 'मला वाटतं तो मुद्दाम पडतो.'

झालं. खेळ सुरू झाला तरी कोणी क्रिकेटवर येईना. तळेकरांचं म्हणणं साधं होतं. कोल्ह्याशी जंगलात दुसरं कोणी बोलत नाही. पिशवी एकदा हाती लागली की गेंडोबा त्या वाटेनं पुन्हा कशाला येईल? म्हणून तो पिशवीपर्यंत पोहोचतो आणि पाय घसरू देतो. यावर ग्रुपचे सरळ दोन तट पडले, मुद्दामवाले आणि मूर्खवाले. लोक जुने भाग उकरून काढून कोल्ह्याच्या पायाभोवती लाल वर्तुळं काढून पाठवू लागले. टेक्सासवाल्यानं सावल्यांच्या दिशेवरून काहीतरी सिद्ध केलं. दोन सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांच्या मेसेजला अंगठा देत नव्हते. आणि मोठमोठे लोक, बँकेतले अधिकारी, वकील, रात्रंदिवस आयटीत डोकं फोडणारे, भांडण निकाली काढायला म्हणून विचारायचे, 'तळेकर काय म्हणतात?' चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला इतकं कोणी कधी विचारलं नसेल. मला वाटतं त्यांना ते आवडत होतं. मॅच नाही तर नाही, हजेरी तरी होती.

मग तेवीस सालचा वर्ल्डकप आला. भारत जिंकतच सुटला होता आणि तळेकर एकाही सामन्याला गेंडोबावरून हलले नव्हते. लोक बिल्डिंगखाली त्यांना थांबवून हात मिळवायचे. इंद्रजीतनं त्यांच्या घरी डाळिंबांची पेटी पाठवली. फायनलच्या दिवशी नेमका मालनचा भाऊ केमहून बायकापोरांना घेऊन आला आणि त्यानं आल्या आल्या मॅच लावली. तळेकर स्वयंपाकघरात जाऊन बसले. मेहुणा आत येऊन म्हणाला, "दाजी, एवढी फायनल अन् तुम्ही कांदं काय चिरताय?" पाहुण्याला काय सांगणार? हात पुसून बाहेर आले आणि थोडा वेळ बसले.

फायनलचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तळेकर किती वेळ बसले होते हे मात्र कोणालाही माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं, 'आज पाहुणे होते. थोडी षटकं बघितली. माफ करा.'

बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. पण ग्रुपवर कोणाच्या तरी ओळखीनं आलेला एक पोरगा होता. त्यानं लिहिलं, 'काका, तुम्ही मेला असतात तर कप आपला होता.'

इंद्रजीतनं त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं आणि मेसेजही उडवला. पण तळेकरांनी तो वाचला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, "तळेकर, अशा मूर्खांचं मनावर घ्यायचं नसतं." ते म्हणाले, "नाही बाई, पोरगं तोंडानं फटकळ, पण हिशोब बरोबर हाय त्याचा." आणि पिशवी घेऊन खाली गेले. मला त्या पोराच्या दोन कानशिलांत द्याव्याशा वाटल्या. अजून वाटतात.

आता तेजूचं सांगते.

तेजू खो-खो खेळते. शाळेपासून खेळते, जिल्ह्याकडून खेळते, आणि जी बोटावर मोजण्याइतकी माणसं खो-खोबद्दल वर्तमानपत्रात लिहितात त्यांच्या बातम्यांत तिचं नाव असतं. दहावीला गणिताला माझ्याकडे होती. एरवी अगदी घुमी मुलगी. विचारलं तेवढं बोलणार, तेही पाढा म्हटल्यासारखं. तिला स्पर्धेला सोडायला तळेकर नेहमी स्कूटर काढत. आम्हा सगळ्यांना वाटायचं, केवढा हौशी बाप. संध्याकाळी खोबरेल तेल घेऊन तिच्या पोटऱ्या चोळत बसत आणि विचारत, कुठल्या खांबापाशी वळलीस, समोरची कुठल्या पायावर होती, हुलकावणी आत दिलीस की बाहेर. तिचा प्रत्येक डाव त्यांना तोंडपाठ होता.

पण त्यांनी तिला खेळताना कधी बघितलं नव्हतं. हे मला माहीतच नव्हतं. राज्य अजिंक्यपदाच्या फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी तेजू माझ्याकडे आली तेव्हा कळलं.

"काकू, बाबांना उद्या मॅचला आणाल? प्लीज."

"मी कशाला आणू? तेच सोडतात ना तुला?"

"गेटपर्यंत. आत येत नाहीत. सातवीत असताना एकदा आले होते, आत पाऊल टाकलं तोच मी पडले आणि मनगट मोडलं. त्यानंतर कधीच नाही. बाहेर स्कूटरवर बसून राहतात. त्या वर्ल्डकपपासून तर गेटच्या आतला आवाजही नको म्हणून रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबतात."

मी चहा ठेवायला उठले होते ती तशीच उभी राहिले. तेजू गुडघ्यावरचा पट्टा नीट करत होती.

"माझा गुडघा गेलाय काकू. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, ही फायनल खेळून घे, त्यानंतर फक्त बससाठी पळायचं. म्हणजे उद्याची शेवटची. उद्या बघितलं नाही तर त्यांनी मला कधीच बघितलेलं नसणार."

ती रडली नाही. गणित चुकलं तरी रडायची नाही. मीच आत जाऊन तोंड धुऊन आले.

दुपारी मी तळेकरांना गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, मला काय वाटत नसंल का? पण शेवटची हाय म्हणूनच नको. तिला एकदा तरी जिंकून येऊ द्या." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. माझा सिद्धांत त्यांच्यापुढे चालणार नव्हता, कारण मी एकटी होते. ज्यांनी बंदी घातली त्यांनीच ती उठवायला हवी होती. म्हणून मी 'चौथा पंच'वर सगळी हकिगत लिहिली आणि शेवटी लिहिलं, 'आता तुम्हीच बघा काय करायचं ते.'

मला वाटलं होतं, लोकांना लाज वाटेल आणि ते म्हणतील, अहो ती सगळी थट्टा होती. छे! त्यांनी वाद सुरू केला. एकानं लिहिलं, 'मुळात नियम क्रिकेटपुरता आहे.' दुसऱ्यानं विचारलं, 'मग मनगट कशानं मोडलं?' तिसऱ्याचं म्हणणं, नियम देशाला लागू, जिल्ह्याला नाही. बजरंगरावांनी लिहिलं, 'आरं खो-खो हाय त्यो, मातीतला खेळ. त्याला आसलं काय लागत न्हाय.' त्यावर लगेच कोणीतरी कळवलं की आता खो-खो मॅटवर होतो. वकिलांनी मुद्दा काढला की सामना मोबाइलवर थेट दिसणार आहे, तेव्हा तळेकरांनी स्पर्धेच्या हॉलमध्ये पाठ फिरवून बसून तो मोबाइलवर बघितला तर चालेल का. मी फोन भिंतीवर मारणार होते.

मग इंद्रजीतचा एक लांबलचक मेसेज आला. तो असा होता:

'तळेकर मॅच बघत नाहीत म्हणून आपण जिंकतो, हे कोणी सिद्ध केलं? तळेकर गेंडोबा बघतात म्हणून जिंकतो, असंही असेल. दोन्ही गोष्टी कायम एकदमच झाल्यात. वेगळं करून कोणी तपासलंय? फायनलला त्यांनी मॅच बघितली हे खरं, पण तेवढा वेळ गेंडोबा कोणीच बघत नव्हतं. जागा रिकामी राहिली, म्हणून हरलो. उद्या जागा रिकामी ठेवायची नाही. उद्या गेंडोबा आपण बघायचा. सगळ्यांनी. तळेकर, तुम्ही पोरीकडे बघा.'

इतकं चुकीचं आणि इतकं बिनतोड उत्तर मला कधी पेपरात मिळालं नव्हतं. मी पूर्ण मार्क दिले असते.

तळेकरांनी लिहिलं, 'सगळे नक्की बघाल ना?'

आणि ग्रुपवर नावं पडायला लागली. हजर. हजर. सहकुटुंब हजर. टेक्सासवाल्याकडे तेव्हा पहाट होती, तोही हजर. बजरंगरावांनी लिहिलं, 'तेजूची मॅच मला बी बगायची व्हती. पन ऱ्हाऊ दे. मी कोल्हा बगतो.'

रविवारी दुपारी तळेकर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर स्पर्धेच्या हॉलमध्ये आले. मालननं यायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. ती म्हणाली, "मी घरी गेंडोबा लावून बसते. बाकीच्यांचा काय भरवसा?" आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. 'मी आलोय हे तेजूला सांगू नका, लक्ष जाईल,' अशी तळेकरांची अट होती. समोर धाराशिवचा संघ होता, कसलेला आणि गेल्या वेळचा विजेता. शिट्टी झाली आणि तळेकरांनी डोळे गच्च मिटले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मी कॉमेंट्री करायला आलेली नाही. डोळे उघडा."

"तेजू आत आली का?"

"उघडा म्हणजे कळेल."

माझा फोन थरथरत होता. ग्रुपवर हजेऱ्या येत होत्या. मी त्यांच्या कानाशी वाचून दाखवल्या. 'गेंडोबा निघाला. आम्ही बघत नाही.' 'कोल्हा विहिरीपाशी. आम्ही बघत नाही.' 'इंद्रजीत, गाळ्यावर, तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. बघत नाही.' ही सगळी माणसं एरवी एका चेंडूवरून एकमेकांची अक्कल काढतात. एका रविवारची दुपार ती आपापल्या जागी मोबाइल आणि टीव्हीपुढे बसून एका गेंड्याकडे टक लावून होती, फक्त या माणसानं डोळे उघडावेत म्हणून.

तळेकरांनी डोळे उघडले.

तेजू तेव्हा नेमकी मॅटवर होती. धाराशिवच्या मुली रांगेत बसलेल्या, एक हिच्या मागे, आणि ही त्यांच्या मधून इकडून तिकडे अशी निसटत होती की मागचीचा हात दर वेळी रिकामाच जायचा. खांबाला वळसा, एक खोटं पाऊल, आणि पुन्हा आत. गुडघ्यावर पट्टा होता, पण त्या गुडघ्याला काही झालंय असं कोणी म्हणालं नसतं. तळेकरांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते चांगलंच दुखत होतं.

"बाई," ते म्हणाले, "ही पळताना हसतीय."

खरंच हसत होती. आमची घुमी तेजू दात दिसेपर्यंत हसत पळत होती. संध्याकाळच्या तेल चोळण्यात बापानं सगळं विचारलं होतं, खांब, पाय, हुलकावणी. हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिला स्वतःलाच माहीत नसणार. तळेकरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, कारण तेवढ्यात काही बघायचं राहून गेलं असतं.

सामना चढत गेला. शेवटच्या डावाला पुण्याकडे थोडी आघाडी होती आणि धाराशिवच्या मुली एकेक गडी टिपत बरोबरीला आल्या. वेळ संपत आली होती. मॅटवर पुण्याची एकटी तेजू उरली होती. ती टिकली असती तर जादा डाव मिळणार होता. हॉलमध्ये कोणी बसलेलं नव्हतं. ती खांबाकडे येत होती आणि मागच्या मुलीनं खो दिला तो तिला दिसला नाही. उठलेली मुलगी मागच्या बाजूनं तिच्यावर झेपावत होती.

तळेकर ओरडले, "तेजू, मागं बघ!"

अख्खा हॉल ओरडत होता. पण मैदानावर बापाचा आवाज तिनं कधी ऐकलेला नव्हता, आणि इतक्या गोंगाटात तेवढाच तिला ऐकू आला. तिनं मागे बघितलं नाही. आमच्याकडे बघितलं. तळेकर दिसले तिला. क्षणभर पाऊल थांबलं आणि त्या मुलीनं सूर मारून तिला टिपलं.

धाराशिवच्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. तळेकर खाली बसले. इतकी वर्षं जे कोणालाच सिद्ध करता आलं नव्हतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. त्यांनी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'हरलो. मी हाक मारली म्हणून ती बाद झाली.'

मी स्क्रीनकडे बघत होते. कोणी आता वाकडं लिहिलं असतं तर मी त्याच्या घरी गेले असते.

इंद्रजीतचं उत्तर आलं. 'तळेकर, तुमचा संबंध नाही. आज आमच्याकडे गेंडोबाचा जुना भाग लागला होता, आधी बघितलेला. तो धरत नाहीत. चूक आमची.'

त्याखाली बजरंगराव, 'आमच्यात तर मधीच लाइट गेल्ती. माज्यामुळं हारलो.' मग वकील, 'मी पाच मिनिटं झोपलो होतो. दोष माझा.' मग टेक्सास. मग ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशी माणसं, एकामागून एक, हरल्याचं आपापल्या अंगावर घ्यायला पुढे येत होती. या ग्रुपमध्ये कोणी स्वतःची चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी फोन तळेकरांच्या पुढे धरला. त्यांनी वाचलं आणि फोन परत माझ्याकडे सरकवला. त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

आम्ही बाहेर पार्किंगमध्ये येऊन उभे राहिलो. थोड्या वेळानं तेजू आली, लंगडत, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. तळेकर तिच्याकडे बघेनात.

"माझ्यामुळं गेली, तेजू."

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच गेली."

मी दचकले. असं तोंडावर सांगायचं असतं का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेजूनं स्कूटरला टेकून पाय लांब केला.

"हाक कशाला मारायची मध्येच? मला माहीतच नव्हतं तुम्ही आलाय." तिनं बर्फाची पिशवी सोडून हातात घेतली. "बाबा, तुम्ही सुरुवातीपासून होता?"

"डोळं मिटून होतो थोडा वेळ. मग उघडलं."

"मग सांगा ना. कसं खेळले मी?"

तळेकरांनी आपली कापडी पिशवी माझ्या हातात दिली, चपला बाजूला काढल्या आणि पार्किंगमध्ये ओळीनं लावलेल्या स्कूटरींकडे बघितलं. आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस इस्त्रीच्या शर्टात दोन स्कूटरींच्या मधून पळाला. पलीकडे गेला, खोटं पाऊल टाकलं, अंग आत चोरलं आणि पुढच्या फटीतून परत आला. विजेच्या खांबाला हात न लावता वळसा घातला. "इथं तू अशी आलीस," ते धापा टाकत म्हणाले, "तिला वाटलं बाहेर जाणार. अन् तू अशी!" शर्ट आरशाला अडकून फाटला, तो त्यांनी बघितलाही नाही. घरी जायला निघालेल्या धाराशिवच्या मुली थांबून बघायला लागल्या.

तेजू स्कूटरवर चढून बसली होती. डोळे पुसत हसत होती, मॅटवर हसत होती तशीच.

"बाबा," ती म्हणाली, "परत दाखवा."